रिलीफ पिचरची कारकीर्द आकड्यांवरून कशी तपासावी

परभणीतील ज्या शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून काम करतो, तिथे बेसबॉल शिकवताना दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. रात्री मोबाइलवर अमेरिकेतील मेजर लीगचे आकडे पाहून एखादा मुलगा सकाळच्या सरावाला येतो आणि विचारतो, "सर, ह्याच्या साडेसहाशे सेव्ह हायेत, मंग हाच सगळ्यात भारी असंल ना?" सेव्ह म्हणजे, थोडक्यात, संघाची आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर होणारी नोंद. तो विचारत असतो न्यूयॉर्क यँकीजच्या मारियानो रिव्हेराविषयी, आणि रिव्हेरा हा सर्वश्रेष्ठ रिलीफ पिचर आहे याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. म्हणजे उत्तर बरोबर असते. मात्र ते ज्या वाटेने काढलेले असते ती वाट चुकीची असते, आणि त्याच वाटेने दुसऱ्या खेळाडूकडे गेले की उत्तरही चुकते. मुलांना दरवर्षी तुकड्यातुकड्यांनी जे सांगतो, ते इथे एकत्र मांडतो आहे.

आपल्याकडे शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल बऱ्यापैकी रुजले आहेत, तरी रिलीफ पिचर ही भूमिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पिचर म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारा खेळाडू. नऊ इनिंगच्या, म्हणजे नऊ डावांच्या, सामन्यात बॅटर बेसवर पोहोचला की तो रनर होतो, आणि तिन्ही बेस ओलांडून होमला परतला की एक धाव होते. सामना सुरू करणारा पिचर पाच-सहा इनिंगनंतर थकतो किंवा मार खाऊ लागतो, तेव्हा त्याच्या जागी येणारा प्रत्येक पिचर हा रिलीफ पिचर होय. त्यांतील शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलेल्याला क्लोजर म्हणतात आणि त्याच्या आधीची सातवी-आठवी इनिंग सांभाळणाऱ्याला सेटअप पिचर म्हणतात. या लोकांना काम थोडे मिळते, परंतु ते बहुधा सामन्याच्या नाजूक वेळी मिळते. त्यांचे मोजमाप अवघड होण्याचे कारण नेमके हेच आहे.

पहिला आकडा: इनिंग

बेसबॉल रेफरन्स किंवा फॅनग्राफ्स या संकेतस्थळांवर कोणत्याही मेजर लीग खेळाडूचे वर्षनिहाय आकडे विनामूल्य पाहता येतात. पान उघडल्यावर नजर आधी सेव्हच्या रकान्याकडे जाते. ती आवरावी आणि आधी इनिंगचा रकाना वाचावा. माणसाने एकूण काम किती केले हे ठाऊक नसताना ते किती चांगले केले याला वजन देता येत नाही. रिव्हेराच्या १९९५ ते २०१३ या कारकिर्दीत १२८३.२ इनिंग आहेत, त्याच काळातील दुसरे दोन क्लोजर ट्रेव्हर हॉफमनच्या १०८९.१ आहेत आणि बिली वॅग्नरच्या ९०३ आहेत.

इथे एक खाचखळगा आहे. इनिंगच्या आकड्यातील टिंबानंतरचा अंक दशांश नसतो, तर तो आऊटची संख्या सांगतो. एका इनिंगमध्ये तीन आऊट असतात, म्हणून १२८३.२ याचा अर्थ १२८३ पूर्ण इनिंग आणि वर दोन आऊट, म्हणजेच १२८३ पूर्णांक दोन तृतीयांश असा होतो. कारकिर्दीच्या बेरजेत या चुकीने फारसा फरक पडत नाही, परंतु छोट्या हंगामात पडतो. एखाद्याने १०.२ इनिंगमध्ये ४ धावा दिल्या असतील आणि आपण कॅल्क्युलेटरवर १०.२ असेच टाकले, तर सरासरी ३.५३ येते, वास्तविक १०.६६७ ने भागायला हवे आणि उत्तर ३.३८ यायला हवे. तालुका पातळीवर निवड करताना एवढ्या फरकावर एखाद्या मुलाची जागा जाऊ शकते.

इनिंगसोबत वर्षांची रांगही पाहावी. रिलीफ पिचर एका हंगामात आज साधारण साठ-सत्तर इनिंग टाकतो. इतक्या थोड्या कामात नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवरून त्याच्याविषयी मत बनवू नये. एरिक गान्ये याने २००२ ते २००४ या तीन हंगामांत १५२ सेव्ह केल्या, त्यांत सलग ८४ संधी एकही न गमावता साधल्या, आणि २००३ साली साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवला. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील सेव्ह मात्र १८७ आहेत, कारण त्यानंतर दुखापतींमुळे त्याचा हात पूर्वीसारखा राहिला नाही. अशा खेळाडूचे शिखर आणि त्याची कारकीर्द या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात; एकीच्या जोरावर दुसरीला गुण देऊ नयेत.

ईआरए आणि बेसवर उभे असलेले रनर

अर्न्ड रन म्हणजे क्षेत्ररक्षणातील चुकीच्या मदतीशिवाय झालेली, पिचरच्या खात्यावर पडणारी धाव. अशा धावांना नऊने गुणून इनिंगने भागले की ईआरए मिळतो. रिव्हेराने ३१५ अर्न्ड रन दिल्या. ३१५ गुणिले ९ म्हणजे २८३५, आणि त्याला १२८३.६६७ ने भागले की २.२१ हा त्याचा कारकिर्दीचा ईआरए येतो. ज्या स्पर्धेत सामने सात इनिंगचे असतात तिथे नऊऐवजी सातने गुणावे, अन्यथा आपले आकडे उगाच फुगतात.

हा आकडा सामना सुरू करणाऱ्या पिचरला बऱ्यापैकी न्याय देतो, परंतु रिलीफ पिचरच्या बाबतीत तो अर्धेच सांगतो. नियम असा आहे की, बेसवर उभा असलेला रनर ज्या पिचरने तिथवर पोहोचू दिला, त्याच्याच खात्यावर त्या रनरची धाव लागते; नंतर आलेल्या पिचरच्या चेंडूवर तो होमला आला तरी नव्या पिचरच्या खात्याला धक्का लागत नाही.

या नियमाचा फटका मी स्वतः अनुभवला आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय सामन्यात आमच्या पहिल्या पिचरने चार इनिंगमध्ये एकच धाव दिली होती. पाचव्या इनिंगमध्ये त्याचा हात जड झाला, तिन्ही बेस भरले आणि एकही आऊट झाला नव्हता, तेव्हा मी दुसऱ्या मुलाला बोलावले. त्याच्या दुसऱ्याच बॉलवर फटका लेफ्ट आणि सेंटर फील्डच्या मधल्या मोकळ्या जागेतून थेट कुंपणाकडे गेला आणि तिन्ही रनर होमला आले. मारणारा दुसऱ्या बेसवर थांबला आणि पुढचे तिघे आऊट झाल्यामुळे तिथेच राहिला. त्यानंतर या मुलाने आणखी दोन इनिंग बिनधावेच्या टाकल्या. रात्री घरी स्कोअरशीटवरून हिशेब केला तेव्हा पहिल्याच्या नावावर चार इनिंगमध्ये चार धावा, म्हणजे सातच्या हिशेबाने ७.०० ईआरए, आणि दुसऱ्याच्या नावावर तीन इनिंगमध्ये शून्य धावा, म्हणजे ०.०० ईआरए आला. पुढच्या फेरीसाठी संघ ठरवताना मी याच आकड्यांवर विसंबलो आणि दुसऱ्या मुलाला पहिल्या क्रमांकाचा पिचर केले. यादी वाचून दाखवल्यावर पहिला मुलगा जवळ आला आणि एवढेच म्हणाला, "सर, ते तीनच्या तीन रन माझेच का?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्याकडे नव्हते, आणि ते शोधण्यातूनच या विषयाची मला खरी गोडी लागली.

उत्तर रन एक्सपेक्टन्सी या कोष्टकात आहे. बेसवर कोण कुठे आहे आणि आऊट किती झाले आहेत यांच्या चोवीस अवस्था होतात, आणि प्रत्येक अवस्थेपासून इनिंग संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात हे हजारो सामन्यांवरून काढलेले असते. मेजर लीगमध्ये तिन्ही बेस भरलेले आणि शून्य आऊट अशा अवस्थेत सुमारे २.३ धावांची अपेक्षा असते. रिकामे बेस आणि शून्य आऊट असताना ती सुमारे अर्ध्या धावेची असते. आमच्या सामन्याला हे माप लावले, तर पहिला मुलगा मैदान सोडताना २.३ धावांचे ओझे मागे ठेवून गेला होता आणि ते त्याचेच होते. दुसऱ्याने इनिंग संपेपर्यंत ३ धावा होऊ दिल्या, म्हणून वरची ०.७ धाव त्याच्या पदरात घालायला हवी. त्याने तिघांनाही बेसवरच रोखले असते तर संघाच्या २.३ धावा वाचवल्याचे श्रेय त्याला मिळाले असते. ईआरए मात्र दोन्ही प्रसंगी ०.०० हेच सांगतो. शालेय सामन्यांत धावा अधिक होतात, त्यामुळे २.३ हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे वापरता येत नाही. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

म्हणून रिलीफ पिचरचा ईआरए वाचताना त्याच्या शेजारी दोन आकडे हवेतच: आधीच्या पिचरने ठेवलेले किती रनर त्याच्या वाट्याला आले आणि त्यांतील किती होमला पोहोचले. मेजर लीगमध्ये अशा रनरांपैकी साधारण तिनातला एक धाव पूर्ण करतो. ज्याच्या कारकिर्दीत हे प्रमाण याहून स्पष्टपणे कमी आहे, त्याने दुसऱ्यांचे ईआरए वाचवण्यात आपला घाम गाळला आहे असे समजावे. इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असतानाच ज्याला आणले जाते त्या क्लोजरच्या नावावर असे रनर थोडेच असतात. हा त्याचा दोष नव्हे. पण मधल्या इनिंगमध्ये भरल्या बेसवर येणाऱ्याशी त्याची तुलना करताना हा फरक विसरू नये.

सेव्ह हा शिक्का नेमका कशाचा

सेव्हची कल्पना शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्टझमन यांनी रुजवली आणि १९६९ पासून मेजर लीगने ती अधिकृत केली. आजच्या नियमानुसार जिंकणाऱ्या संघाकडून सामना संपवणाऱ्या, परंतु स्वतः विजयी पिचर न ठरलेल्या आणि किमान एक आऊट घेतलेल्या पिचरला पुढील तीनपैकी एक अट पूर्ण केल्यास सेव्ह मिळते. तो आला तेव्हा आघाडी तीन किंवा कमी धावांची असावी आणि त्याने किमान एक इनिंग टाकावी. किंवा बरोबरी साधू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा त्याच्या पुढच्या क्रमांकावर तयार असताना तो आलेला असावा. किंवा त्याने किमान तीन इनिंग परिणामकारकपणे टाकाव्यात.

या अटींतून काय काय निसटते ते पाहावे. पहिल्या अटीनुसार तीन धावांची आघाडी घेऊन नववी इनिंग टाकणारा पिचर दोन धावा देऊनही सेव्ह मिळवतो, जरी त्या दिवसाचा त्याचा ईआरए १८.०० असला तरी. तीन धावांची आघाडी घेऊन नवव्या इनिंगमध्ये शिरलेला संघ शंभरातील पंचाण्णवहून अधिक सामने तसाही जिंकतो. एका धावेची आघाडी असेल तर हे प्रमाण पंच्याऐंशीच्या आसपास राहते. दोन्ही कामांना मिळणारा शिक्का एकच. तिसऱ्या अटीचे टोक २२ ऑगस्ट २००७ रोजी बाल्टिमोरला दिसले. टेक्सास रेंजर्सने ओरिओल्सला ३० विरुद्ध ३ असे हरवले, आणि १४-३ अशी आघाडी असताना येऊन शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्या वेस लिटलटनला नियमाप्रमाणे सेव्ह मिळाली. त्याने काम चोख केले होते यात शंका नाही, परंतु तिथे वाचवण्यासारखे काही नव्हते.

याच्या उलट बाजूला १९९६ चा रिव्हेरा आहे. त्या वर्षी यँकीजचा क्लोजर जॉन वेटलँड होता आणि रिव्हेरा त्याच्या आधीच्या इनिंग टाकत असे. त्याने १०७.२ इनिंगमध्ये १३० स्ट्राइकआऊट घेतले, म्हणजे तीन स्ट्राइकवर १३० बॅटर बाद केले, ईआरए २.०९ राखला आणि साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. त्या हंगामातील त्याच्या सेव्ह फक्त पाच होत्या. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाच्या वर्षांत मी हे वर्ष धरतो, आणि केवळ सेव्हचा रकाना वाचणाऱ्याला हेच वर्ष अगदी दुबळ्या वर्षांपैकी एक वाटेल.

सेव्हची टक्केवारी हा एकूण संख्येपेक्षा बरा आकडा आहे. रिव्हेराने ७३२ संधींपैकी ६५२ आणि हॉफमनने ६७७ पैकी ६०१ साधल्या. दोघेही ८९ टक्क्यांच्या आसपास येतात. ही टक्केवारी केवळ क्लोजरांमध्येच ताडून पाहावी, हे मी मुलांना पुन्हा पुन्हा बजावतो. सातव्या इनिंगमध्ये आघाडी गमावणाऱ्या सेटअप पिचरच्या नावावर ब्लोन सेव्ह, म्हणजे वाया गेलेली सेव्हची संधी, लागते, परंतु त्याच सातव्या इनिंगमध्ये आघाडी टिकवल्यास सेव्ह मात्र मिळत नाही, कारण सामना संपवणारा दुसराच असतो. शिक्षा दोघांना सारखी आणि बक्षीस एकालाच, अशा हिशेबात सेटअप पिचरची टक्केवारी वाईट दिसणारच.

विजय आणि पराजय यांचे रकाने तर रिलीफ पिचरसाठी सरळ सोडून द्यावेत. आघाडी स्वतः घालवणारा पिचर पुढच्या अर्ध्या इनिंगमध्ये संघाने धावा केल्यास विजयी ठरू शकतो. हॉफमनच्या नावावर ६१ विजय आणि ७५ पराजय आहेत, आणि त्यावरून त्याच्याविषयी काहीही कळत नाही.

पिचरच्या हातात जेवढे असते तेवढे

चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढचे बरेचसे क्षेत्ररक्षकांवर, मैदानावर आणि नशिबावर अवलंबून असते. स्ट्राइकआऊट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस), अंगावर लागलेला चेंडू आणि होम रन (सहसा कुंपणापार गेलेला फटका) यांत मात्र क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो. एवढ्याच चार गोष्टींवरून एफआयपी (क्षेत्ररक्षण वगळून पिचरचे माप) काढतात: होम रनला १३ ने, वॉक आणि अंगावर लागलेले चेंडू यांच्या बेरजेला ३ ने गुणून दोन्ही मिळवावेत, त्यातून स्ट्राइकआऊटची दुप्पट वजा करावी, उत्तराला इनिंगने भागावे आणि शेवटी ३.१ च्या आसपासची एक ठरावीक संख्या मिळवावी, जेणेकरून उत्तर ईआरएच्या मापात येते.

रिव्हेराचे गणित मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखे आहे. होम रन ७१, त्यांचे ९२३. वॉक २८६ आणि अंगावर लागलेले ४६, एकूण ३३२, त्यांचे ९९६. स्ट्राइकआऊट ११७३, त्यांची दुप्पट २३४६. बेरीज-वजाबाकी करून उणे ४२७ राहतात, १२८३.६६७ ने भागल्यावर उणे ०.३३, आणि ३.१ मिळवल्यावर सुमारे २.७७. त्याचा प्रत्यक्ष ईआरए २.२१ आहे. एखाद्या पिचरचा ईआरए एफआयपीपेक्षा अर्ध्या धावेने कमी दिसला, तर एका हंगामापुरते ते नशीब म्हणून बाजूला ठेवावे आणि पुढच्या वर्षी ईआरए वर जाईल अशी अपेक्षा धरावी. परंतु हाच फरक जवळपास तेराशे इनिंग टिकत असेल तर त्याला नशीब म्हणणे अन्यायाचे आहे. मैदानात गेलेल्या चेंडूंपैकी शंभरातले साधारण तीस हिट होतात. रिव्हेराच्या बाबतीत हे प्रमाण सव्वीसच्या आसपास राहिले. त्याचा कटर हा चेंडू शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या मुठीकडे वळत असे, त्यामुळे चेंडू बॅटच्या दांड्याजवळ लागून कमजोर फटके निघत आणि बॅटही मोडत. एफआयपी हे कौशल्य पाहत नाही. म्हणून दोन आकड्यांत तफावत दिसली की तिचे वय विचारावे: एका वर्षाची आहे की पंधरा वर्षांची?

स्ट्राइकआऊट मोजताना ते दर नऊ इनिंगमागे न मोजता एकूण सामोऱ्या आलेल्या बॅटरांच्या टक्केवारीत मोजावेत आणि त्या काळाशी ताडावेत. १९९५ च्या सुमारास मेजर लीगमध्ये सुमारे १६ टक्के बॅटर स्ट्राइकआऊट होत. अलीकडे हे प्रमाण २२-२३ टक्क्यांपर्यंत गेले आहे. बिली वॅग्नरने १९९५ ते २०१० या काळात आपल्या समोरच्या सुमारे ३३ टक्के बॅटरांना स्ट्राइकआऊट केले, म्हणजे तो आपल्या काळाच्या जवळपास दुप्पट होता. आज तेवढीच टक्केवारी असलेला रिलीफ पिचर चांगला म्हणता येईल, पण वॅग्नरइतका वेगळा म्हणता येणार नाही.

काळाचा हा हिशेब ईआरएसाठी ईआरए प्लस या आकड्यात आयता मिळतो. त्यात त्या वर्षीची लीगची सरासरी आणि घरचे मैदान जमेस धरलेले असते. १०० म्हणजे सरासरी आणि त्याहून जितका वर तितका चांगला. रिव्हेराचा २०५ आहे आणि हजारहून अधिक इनिंग टाकलेल्यांत तो सर्वोच्च आहे. वॅग्नरचा १८७, हॉफमनचा १४१. इथेही एक सावधगिरी हवी. एकच इनिंग टाकायची असल्याने रिलीफ पिचर पूर्ण जोर लावतो आणि एकाच बॅटरला दुसऱ्यांदा तोंड द्यावे लागत नाही, त्यामुळे त्याचा ईआरए मुळातच कमी राहतो. त्याची तुलना रिलीफ पिचरांशीच व्हावी.

पाऊस किती पडला आणि कधी पडला

मराठवाड्यातील वाचकाला लिव्हरेज, म्हणजे त्या प्रसंगाचे सामन्यातील वजन, ही कल्पना समजावण्यासाठी मला कधी फार शब्द लागले नाहीत. वर्षअखेरीस कागदावर पावसाची सरासरी पूर्ण झालेली असते, पण सोयाबीनच्या शेंगा भरायच्या वेळी तीन आठवड्यांचा खंड पडलेला असतो आणि काढणीच्या वेळी शेतात गुडघाभर पाणी असते. सरासरी खोटी नसते. ती फक्त वेळ सांगत नाही. पिचरचा ईआरएही असाच वेळ सांगत नाही. दहा धावांनी पुढे असताना टाकलेली बिनधावेची इनिंग आणि बरोबरीच्या सामन्यात बेसवर दोन रनर असताना टाकलेली बिनधावेची इनिंग त्याला सारखीच दिसते.

लिव्हरेज इंडेक्स हा आकडा ती वेळ मोजतो. सामन्यातील सरासरी प्रसंगाचे मोल १ धरतात. २ म्हणजे त्या प्रसंगात सामन्याचा निकाल सरासरीच्या दुप्पट हलू शकतो. पिचर मैदानात येतानाचा त्याचा कारकिर्दीतील सरासरी लिव्हरेज फॅनग्राफ्स आणि बेसबॉल रेफरन्स या दोन्ही ठिकाणी पाहता येतो. तो दीडच्या बराच वर असेल तर व्यवस्थापकांनी त्याच्यावर अवघड कामे वर्षानुवर्षे सोपवली असे समजावे, आणि एकच्या खाली असेल तर चांगल्या ईआरएकडेही जरा हात राखून पाहावे. त्याच्या जोडीला विन प्रोबॅबिलिटी ॲडेड, म्हणजे त्याच्यासमोर आलेल्या प्रत्येक बॅटरच्या निकालाने संघाची जिंकण्याची शक्यता किती वाढली किंवा घटली याची बेरीजही वाचावी.

लिव्हरेज वाचताना हेही लक्षात ठेवावे की पिचर आपली वेळ स्वतः निवडत नाही. २०१६ साली बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने ६७ इनिंगमध्ये केवळ ४ अर्न्ड रन दिल्या, ईआरए ०.५४ राखला आणि ४७ पैकी ४७ सेव्ह साधल्या. त्याच वर्षी टोरंटोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात बरोबरी असल्यामुळे, सेव्हची संधी येईल या अपेक्षेने, त्याला बुलपेनमध्येच, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतच, ठेवण्यात आले. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एनकार्नासिओनने दुसऱ्याच पिचरला तीन धावांचा होम रन मारला आणि संघ बाहेर पडला. उत्तम पिचर बसून राहिला आणि हंगाम संपला. सेव्हच्या रकान्याने खेळाचे निर्णय कसे बिघडवले याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

वेगवेगळ्या काळांतील कारकिर्दी शेजारी ठेवताना

१९७५ साली रिच गॉसेजने केवळ रिलीफमध्ये १४१.२ इनिंग टाकल्या आणि २६ सेव्ह घेतल्या. आजचा क्लोजर त्याच्या निम्म्या इनिंगमध्ये तेवढ्या सेव्ह सहज मिळवतो. शेवटची एकच इनिंग टाकणाऱ्या क्लोजरची पद्धत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्सलीच्या बाबतीत रूढ केली. त्याआधीच्यांची आणि नंतरच्यांची सेव्हवरून तुलना करणे म्हणजे दोन वेगळी कामे एका तराजूत घालणे होय. होयट विल्हेमने २२५४.१ इनिंग २.५२ ईआरएने टाकल्या आणि १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मतदानाने निवडलेल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जाणारा तो पहिला रिलीफ पिचर ठरला. त्याच्या कारकिर्दीच्या बहुतेक काळात सेव्ह हा आकडा अधिकृत नव्हताच.

अशा तुलनेसाठी वॉर, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा त्याने संघाला किती अधिक विजय मिळवून दिले, हा एकत्रित आकडा उपयोगी पडतो, परंतु दोन संकेतस्थळांचे वॉर मिसळू नयेत. बेसबॉल रेफरन्स प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून तो काढते, फॅनग्राफ्स मुख्यतः एफआयपीवरून. म्हणून रिव्हेरा एका ठिकाणी ५६ च्या आसपास दिसतो आणि दुसरीकडे चाळीसच्या आसपास. बेसबॉल रेफरन्सच्या मापाने हॉफमन आणि वॅग्नर दोघेही २८ च्या जवळ आहेत, आणि वॅग्नरने तेवढे मोल हॉफमनपेक्षा १८६ इनिंग कमी टाकून मिळवले आहे. वॅग्नरविरुद्ध बॅटरांची हिटची सरासरी केवळ .१८७ होती. तरीही हॉफमन २०१८ मध्ये, मतपत्रिकेवरील तिसऱ्याच वर्षी निवडला गेला आणि वॅग्नरला दहाव्या, म्हणजे अखेरच्या वर्षापर्यंत, २०२५ पर्यंत थांबावे लागले. दोघांच्या सेव्हमध्ये १७९ चा फरक आहे, आणि मतदारांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहिला असे माझे स्पष्ट मत आहे. हॉफमनचा मान कमी करण्याचा यात हेतू नाही. वॅग्नरची प्रतीक्षा मात्र मला आजही सलते.

वॅग्नरविरुद्ध त्याचे बाद फेरीतील आकडे पुढे केले जातात: ११.२ इनिंग, ईआरए १०.०३. आकडा वाईट आहे, पण ते एका हंगामातील जेमतेम महिना-सव्वा महिन्याचे काम आहे. रिव्हेराच्या बाद फेरीतील १४१ इनिंग मात्र दोन पूर्ण हंगामांच्या तोडीच्या आहेत, आणि त्यांत ०.७० ईआरए व ४२ सेव्ह आहेत. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात ॲरिझोनाविरुद्ध त्याने गमावलेली आघाडी याच बेरजेत धरलेली आहे. २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मते घेऊन तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. एकमताने निवडलेला तो पहिला खेळाडू होय.

हे सगळे आपल्या मैदानावर आणायचे असेल तर छापील स्कोअरशीटच्या उजव्या समासात पट्टीने तीन रकाने आखावेत. पहिल्यात पिचर आला तेव्हाची इनिंग, आऊट आणि धावांचा फरक, दुसऱ्यात बेसवर आधीच असलेले रनर आणि तिसऱ्यात त्यांपैकी होमला पोहोचलेले रनर लिहावेत. नोंद सामना सुरू असतानाच करावी, कारण रात्री आठवणीवरून भरलेला रकाना विश्वासाचा राहत नाही. त्या जुन्या सामन्याची शीट मी जपून ठेवली आहे आणि तिच्यावर हे रकाने नंतर भरले आहेत. दुसऱ्या मुलाच्या ओळीत आता तीन इनिंग, शून्य धावा, आलेले रनर तीन, होमला पोहोचलेले तीन असे लिहिलेले आहे, आणि नव्या मुलांना ईआरए शिकवण्याआधी मी ती ओळ वाचायला देतो.